दिवेलागणीनंतरचा रस्ता

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त चेन्नईतील पेरुंगुडी येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी ते स्वतः लिहून दिले आहे.)



हीरक महोत्सवी वर्षात मुख्याध्यापिकेने बोलायचे म्हटले की विषय जणू ठरलेलाच असतो. संस्थापकांचे कष्ट, पत्र्याच्या खोल्यांपासून आजच्या इमारतीपर्यंतचा प्रवास, निकालाची टक्केवारी. हे सारे स्मरणिकेत इतरांनी माझ्याहून चांगले लिहिले आहे. मी आज वाहनांच्या दिव्यांविषयी बोलणार आहे. निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मनोगत’ एवढेच छापलेले असल्यामुळे संयोजकांना फसवल्याचा दोष मला लागू नये.

काल रात्री मी मीनांबाक्कमच्या विमानतळावर उतरले, तेव्हा पाऊस लागला होता. मला घ्यायला आपलाच एक माजी विद्यार्थी गाडी घेऊन आला होता. पल्लावरमहून तोरैपाक्कमकडे येणारा रस्ता पळ्ळिकरणैच्या पाणथळीतून जातो. दोन्ही बाजूंना काळोख आणि पाणी, काचेवर पावसाच्या धारा, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा झोत त्या धारांत फुटून काचभर पसरलेला. पुढे राजीव गांधी सालै लागली. मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमुळे तो रुंद रस्ता जागोजागी अरुंद झाला आहे. पत्र्यांवरच्या सूचना तमिळमध्ये होत्या. मी मराठीची एम. ए.; तमिळचे एक अक्षर मला वाचता येत नाही. पण पुढच्या गाडीचा डावीकडचा पिवळा दिवा लुकलुकला की ती डावीकडे वळणार, तिचे मागचे लाल दिवे उजळले की ती थांबणार, हे मला बिनचूक वाचता येत होते. परमुलखात आल्याबरोबर जी लिपी आपल्याला वाचता येते, ती ही एवढीच.

आणखी एक गोष्ट मी पाहत होते. समोरून गाडी आली की आमच्या सारथ्याचा हात हलायचा आणि आमचा झोत खाली जायचा. समोरचे बहुतेक जण तसे करीत नव्हते. शेवटी मी म्हटले, “अरे, तो करत नाही, तर तूच कशाला करतोस?” तो म्हणाला, “बाई, तो आंधळेपणाने येतोय म्हणून मीही त्याला आंधळा करू का? धडकणार तर आम्ही दोघंच ना!” या मुलाकडे मी पुन्हा वळणार आहे.

येथे येण्यापूर्वी मी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील दिव्यांविषयीचे नियम वाचून काढले. कायद्याची भाषा रुक्ष असते असे आपण म्हणतो. मला ती तशी वाटली नाही. १०५ वा नियम सांगतो, की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून, आणि जेव्हा जेव्हा पुरेसा उजेड नसेल तेव्हा, वाहनाचे पुढचे दिवे लागलेले असले पाहिजेत आणि त्यांच्या उजेडात १५५ मीटरवरची माणसे नि वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. मागे लाल दिवा हवा, तोही १५५ मीटरवरून दिसणारा. आणि मागची क्रमांकपट्टी १५ मीटरवरून वाचता यावी एवढा उजेड तिच्यावर पडायला हवा. सूर्यास्तानंतरचा अर्धा तास म्हणजे आपली दिवेलागण. नियमकर्त्यांनी घड्याळातली वेळ घातली नाही, हे फार चांगले केले. चेन्नईत या दिवसांत सूर्य आपल्या गावापेक्षा पंधरा-वीस मिनिटे आधी मावळतो. गावी साडेसहाला दिवा लावणाऱ्याने इथे आल्यावर घड्याळाकडे पाहू नये, आभाळाकडे पाहावे.

खरा विचार करायला लावणारा नियम आहे तो १०६ वा. पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा, असे तो सांगतो. किती खाली? तर गाडीच्याच पातळीवर, आठ मीटरहून अधिक अंतरावर एक माणूस उभा आहे आणि त्याचे डोळे जमिनीपासून निदान दीड मीटर उंचीवर आहेत असे समजा. त्याचे डोळे दिपता कामा नयेत. हे वाचून मी थबकले. गाडी चालवणाऱ्याला काय दिसावे हे आधीच्या नियमात सांगून झाले होते. इथे कायद्याने रस्त्यावर एक अनोळखी माणूस उभा केला आहे आणि त्याच्या डोळ्यांची उंचीही मोजली आहे. अर्थात शिक्षिकेच्या नजरेला त्यात एक उणीव लगेच दिसते. पाचवीतल्या मुलाचे डोळे दीड मीटर उंचीवर नसतात. झोत नियमाप्रमाणे खाली केला, तरी जवळून जाताना तो त्या मुलाच्या तोंडावर पडू शकतो. पायी जाणारे मूल दिसले की झोतासोबत वेगही खाली आला पाहिजे, हे कलमात लिहिलेले नाही. ते आपणच वाचून घ्यायचे.

आपल्या भाषेत दीप आणि दिपणे हे शब्द एकाच घरातले. दिव्यानेच डोळे दिपतात. शाळेच्या अहवालात ‘डोळे दिपवणारे यश’ असे आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. मीही लिहिले आहे. डोळे दिपले म्हणजे क्षणभर काही दिसेनासे झाले, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आम्ही कौतुकाच्या भरात विसरलो. रस्त्यावर तो विसरता येत नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर प्रखर झोत पडला की बाहुली झटकन आकसते, पण झोत निघून गेल्यावर दृष्टी तितक्या झटकन परत येत नाही. पूर्ण अंधाराला डोळे नीट सरावायला तर वीस-तीस मिनिटे लागतात. आता गणिताच्या तासाला बसल्यासारखे बसा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. डोळे तीनच सेकंद दिपले असे धरले, तरी पन्नास मीटर रस्ता आपण न पाहताच कापतो. वय वाढले की डोळ्यांच्या भिंगात उजेड अधिक विखुरतो आणि सावरायला वेळही अधिक लागतो. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. काल त्या पाणथळीजवळ प्रत्येक दिव्याभोवती मला मोरपिसासारखे वलय दिसत होते. आपल्या आईवडिलांच्या हाती गाडी देणाऱ्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे.

बोलीभाषेत आपण ‘अप्पर-डिपर’ म्हणतो. डिपर म्हणजे झोत खाली करण्याची कळ. पण ‘त्याने मला डिपर दिला’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याने दिवा खाली केला असे आपल्याला सांगायचे नसते; त्याने डोळ्यांवर दोन-तीनदा झोत मारला, असेच सांगायचे असते. शब्दाचा अर्थ पार उलटा झाला आहे. त्यातही एक जण ‘तू ये’ म्हणून डिपर देतो आणि दुसरा ‘मी येतोय, तू थांब’ म्हणून. एकाच खुणेचे दोन विरुद्ध अर्थ असतील, तर अरुंद पुलावर काय होईल ते सांगायला नको. ट्रकांच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाईट’ ही अक्षरे आपण लहानपणापासून वाचत आलो. इंग्रजीचे पहिले पाठ आमच्यातल्या कित्येकांनी ट्रकांच्या पाठीवरच गिरवले. अर्थ मात्र कोणी विचारला नाही.

झोत खाली केला की आपल्याला कमी दिसते, हे मी लपवणार नाही. वरच्या झोतात लांबवर रस्ता दिसतो; खालच्या झोतात साधारण चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे समोरच्यासाठी झोत खाली करणे, हे काही क्षण आपण स्वतः कमी पाहायला कबूल होणे आहे. त्याची भरपाई वेग कमी करूनच होते. २०१७ साली आलेले वाहन चालवण्याचे विनियम हेच सांगतात, की समोरून वाहन येत असेल किंवा आपण कोणाच्या अगदी मागे असू, तर झोत खाली हवा. मागून येणाऱ्याचा झोत आरशातून पुढच्याच्या डोळ्यांवर जातो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आणि ज्या रस्त्यावर खांबांचा भरपूर उजेड आहे, त्या तुमच्या या राजीव गांधी सालैसारख्या रस्त्यावर वरच्या झोताचे काय काम?

दंडाचेही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमाखाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपये दंडाची तरतूद आहे. पूर्वी हेच १०० आणि ३०० होते. पण झोताचे छायाचित्र कोण काढणार? ज्याचे डोळे दिपतात त्याला गाडीचा क्रमांक कधीच दिसत नाही. या अपराधाचा साक्षीदार अपराधानेच आंधळा केलेला असतो.

थोड्या वेळापूर्वी मी त्या मुलाकडे परत येईन म्हटले होते. त्याच्या परवानगीने सांगते.

२००४ सालचा नोव्हेंबर महिना. दहावीचे जादा तास संपून मुले सातच्या सुमारास घरी जात. मी त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षणाला गेले होते आणि स्टँडवर ठेवलेली माझी स्कूटी घेऊन कारखान्याच्या रस्त्याने परतत होते. तुम्हाला तो रस्ता आठवत असेल. डांबराची कड तुटलेली आणि साइडपट्टी वीतभर खाली. जास्त उजेड म्हणजे जास्त सुरक्षितता, असा माझा समज होता. दिव्याची कळ मी एकदा वर करून ठेवली होती, ती तशीच असे. समोरून एक सायकल येताना क्षणभर दिसली. सायकलला दिवा नव्हता. मी पुढे निघून गेले. मागे काही वाजल्यासारखे वाटले, पण गाड्यांची वर्दळ होती. मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी एका मुलाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. वर्गशिक्षकांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साइडपट्टीवरून घसरलो, सर.” जागा सांगितली, वेळ सांगितली. मला त्याच क्षणी कळले. कळूनही मी तीन दिवस गप्प राहिले. शिक्षिकेला आपली चूक विद्यार्थ्यापुढे सांगणे किती जड जाते, हे मला त्या तीन दिवसांत समजले. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याला व्हरांड्यात थांबवून मी सांगितले, की त्या दिवशी समोरून आलेली गाडी माझी होती.

तो म्हणाला, “माहीत आहे, बाई. तुमच्या गाडीचा सायलेन्सर फुटला होता ना, आवाज ओळखला मी.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही बाई आहात.”

या उत्तराचा मला अजून नीट अर्थ लावता आलेला नाही. त्यात आदर होता हे खरे. पण ज्या आदरामुळे मूल आपल्यावर झालेला अन्यायही बोलून दाखवत नाही, तो आदर आम्ही शाळेत शिकवावा का, हा प्रश्न मला मुख्याध्यापिका झाल्यावरही सुटलेला नाही.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. वडील ट्रकचालक होते. ते रागावले नाहीत. त्यांनी माझी गाडी अंगणात उभी केली, दिवा लावला आणि मला पंधरा-वीस पावलांवर उभे राहायला सांगितले. कळ वर केली आणि विचारले, “बाई, पोरगा दिसतो का बघा गाडीपाशी.” पोरगा गाडीला टेकून उभा होता. मला दिसला नाही. मग त्यांनी कळ खाली केली. मला प्लास्टरमधला हात दिसला. पुढे ते म्हणाले, “समोरच्याच्या दिव्यात बघायचं न्हाई. डाव्या अंगाला रस्त्याची कड धरायची. आन् समोरचा दिसला की आधी आपला हात हलला पायजे.” अध्यापनशास्त्र मी बी. एड.ला वर्षभर शिकले. इतका नेटका पाठ मला त्या वर्षात पाहायला मिळाला नव्हता.

मुलाचे हाड सहा आठवड्यांत जुळले. सहामाहीचे पेपर नववीतल्या मुलाला लेखनिक घेऊन दिले, दहावीचे स्वतः लिहिले, चांगला उत्तीर्णही झाला. पण त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. भित्तिपत्रक त्याच्याच हातचे असे. ते अक्षर परत आले नाही. रेघेवरून थोडे उजवीकडे कलत राहिले. त्या वर्षीचे नोव्हेंबरपूर्वीचे भित्तिपत्रक मी जपून ठेवले आहे. महोत्सवाच्या प्रदर्शनात ते लावलेले आहे. खाली काही लिहिलेले नाही.

त्याला हात मोडण्यावर निभावले. आपल्या गावाच्या पट्ट्यात ऊसगाळपाचा हंगाम म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर हातभर आलेला ऊस आणि त्या उसाखाली झाकून गेलेला मागचा दिवा. पुष्कळदा ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंतची तारच तुटलेली असते. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अशाच एका रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीवर रात्री मोटारसायकलने जाऊन आदळला. त्याची मुलगी आता आपल्याच शाळेत आठवीत आहे, म्हणून मी अधिक सांगत नाही. माझ्या लहानपणी आजोबा बैलगाडी घेऊन रात्री निघाले की गाडीखाली मागच्या बाजूला कंदील टांगीत. बैलांना त्याचा काही उपयोग नव्हता, आजोबांनाही नव्हता. मागून येणाऱ्यासाठी तो होता. ट्रॉलीच्या वेळी तेवढे शहाणपण कुठे गेले? आता दर हंगामात आमची नववीची मुले कारखान्यासमोर रांगेत थांबलेल्या ट्रॉल्यांना मागे लाल परावर्तक पट्ट्या चिकटवतात. पट्टीला तार लागत नाही, बॅटरी लागत नाही. मागच्याचाच उजेड ती त्याला परत देते. काही चालक ‘कशाला रे पोरांनो’ म्हणतात. बहुतेक जण ट्रॉली पुसून देतात.

देशात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली, असे सरकारी अहवाल सांगतो. अपघातांची सर्वांत मोठी वेळ संध्याकाळी ६ ते रात्री ९. सगळेच दिव्यांमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण ती वेळ जादा तास सुटण्याची आहे, हे मला विसरता येत नाही. आता दहावीचे तास आम्ही सकाळी घेतो.

लाल दिव्याविषयीही एक शब्द. ‘लाल दिव्याच्या गाडीतून शाळेत ये’, असा आशीर्वाद आम्ही हुशार मुलांना देत असू. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही ते दिवे उतरले, त्यामुळे आशीर्वाद बदलावा लागला. नियमाच्या दृष्टीने लाल रंगाची जागा गाडीच्या मागेच. पांढरा म्हणजे येतो आहे, लाल म्हणजे जातो आहे, हे अंधारात रंगावरूनच कळायचे असते. मोटारींवर हौसेने रंगीत दिवे लावणाऱ्या, किंवा साध्या दिव्याच्या खोबणीत भलताच प्रखर एलईडी बल्ब बसवणाऱ्या तरुणांना माझे सांगणे एवढेच, की मूळ दिव्याची आरसपट्टी एका ठरावीक बल्बासाठी घडवलेली असते. दुसरा बल्ब घातला की झोत वाटेल तिकडे उधळतो, आणि मग कळ खाली करूनही काही उपयोग होत नाही.

इथल्या पावसात एक चूक मी काल पाहिली. सरी वाढल्या की कित्येक गाड्या चारही पिवळे दिवे लुकलुकवत धावत होत्या. ते दिवे बंद पडून थांबलेल्या गाडीचे. धावत्या गाडीने ते लावले, तर ती वळणार आहे की सरळ जाणार, हे मागच्याला कळत नाही, आणि खरोखर बंद पडलेली गाडी त्या गर्दीत ओळखू येत नाही. पावसात पुढचे दिवे लावून झोत खाली ठेवला की पुरे. दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून तो त्रासही उरला नाही. नव्या गाड्यांचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो. त्या वर्षी भर दुपारी रस्त्यातून जाताना येणारा-जाणारा प्रत्येक जण पंजा उघडझाप करून मला ‘दिवा चालू आहे’ असे खुणावत असे. एवढी आस्था आपल्या लोकांत आहे. दिवसा न खुपणाऱ्या दिव्याविषयी आहे, ती रात्रीच्या दिव्याकडे वळवायची आहे.

काल मीनांबाक्कमहून मला आणणारा सारथी कोण, ते तुमच्या ध्यानात आले असेलच. तो मागच्या रांगेत बसला आहे आणि आज रात्री मला विमानतळावर सोडायलाही तोच येणार आहे. टाळ्या वाजवू नका, त्याला आवडणार नाही.

जेवणाची वेळ झाली आहे. दाराजवळच्या टेबलावर गावाहून आणलेल्या परावर्तक पट्ट्यांचा डबा ठेवला आहे. घरात सायकल चालवणारे मूल असेल, तर लाल पट्टी मागे लावायला आणि पांढरी पुढे, अशा दोन-दोन पट्ट्या घेऊन जाव्यात. डबा आठवीच्या मुलींनी भरून दिला आहे. रिकामा परत न्यायचा, असे मी त्यांना कबूल करून आले आहे.